चढायचं कशावर आणि पडायचं कुठं?

हल्ली आमच्या भागात नवीन बंगला झाला की अंगणात मुलांसाठी काहीतरी लाकडी उभं करायची टूम निघाली आहे. चार खांब, मध्ये शिडी, वर एक माचा, एका बाजूला दोरीची जाळी, जमलं तर घसरगुंडी. 'क्लायंबिंग फ्रेम' म्हणून ऑनलाइन मागवा, मोठमोठ्या खोक्यांतून येते. याला मराठीत काय म्हणायचं कुणास ठाऊक. बालवाडीत असतो तो लोखंडी नळ्यांचा पिंजरा म्हणजे 'जंगल जिम', तेवढं एक नाव आपल्याकडे रुळलंय. मी आपलं 'फ्रेम' म्हणतो.

माझा या फ्रेमला विरोध नाही, उलट मी कट्टर समर्थक आहे. विरोध आहे तो ती ज्या क्रमाने घेतली जाते त्याला. आधी फ्रेम आवडते, मग तिची उंची आवडते, मग पैसे भरले जातात, मग जागा शोधली जाते, आणि ती कुठं सापडते? तर दारातल्या पेव्हर ब्लॉकवर! का, तर तिथं चिखल होत नाही. म्हणजे चढायच्या वस्तूवर हजारो रुपये आणि पडायच्या जागेवर शून्य. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. आधी खालचा थर ठरवा. तो जेवढी परवानगी देईल तेवढीच उंची घ्या. आणि सगळ्यात शेवटी लाकडाकडे वळा.

"पण चढायलाच कशाला पाहिजे? पडलं-बिडलं तर?" हा प्रश्न येतोच. तर मंडळी, बिद्रीत राहणाऱ्याने तरी हा प्रश्न विचारू नये. आमच्याकडे दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गारगोटी रोडवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. आणि ऊस ओढायला ट्रॉलीला लोंबकळणारी पोरं कुणी बघितली नाहीत? उभ्या ट्रॉलीवर चढतात, हळू चालणाऱ्यावरही चढतात. ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांची मुलं तर बैलगाडीच्या साट्यावरच खेळून मोठी होतात. मूल चढणार हे ठरलेलं आहे. आपल्या हातात एवढंच आहे की ते कशावर चढेल आणि त्याखाली काय असेल.

जंगल जिमचा इतिहास या निमित्ताने सांगायलाच हवा, कारण तो आमच्या जातीचा, म्हणजे गणिताचा नाद असलेल्या माणसांचा आहे. चार्ल्स हॉवर्ड हिंटन नावाचा एक ब्रिटिश गणिती होता. चौथ्या मितीच्या मागे लागलेला. 'टेसरॅक्ट' हा शब्द त्याचाच. तो जपानमध्ये शिकवत होता तेव्हा त्याने आपल्या मुलांना तिन्ही मिती अंगात मुरवण्यासाठी बांबूचा एक चौकटींचा सांगाडा बांधला. आकडे पुकारायचे आणि मुलांनी चढून त्या बिंदूवर पोचायचं. एक्स, वाय, झेड, आपण बारावीत वहीवर केलं ते त्यांनी हातापायांनी करायचं. मुलांनी गणित किती घेतलं हा भाग सोडा, पण माकडासारखं चढणं मात्र मनापासून घेतलं. पुढे त्यातलाच एक मुलगा, सेबॅस्टियन हिंटन, शिकागोत पेटंट वकील झाला. त्याने १९२० साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९२३ मध्ये पेटंट मिळालं आणि शिकागोजवळच्या विनेटका गावातल्या शाळेत पहिले जंगल जिम उभे राहिले. म्हणजे मूळ वस्तू बांबूची आणि घरी बांधलेली. खोक्यातून आलेली नव्हे.

आता आकडेमोड. (ज्यांना कंटाळा येतो त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण सोडू नका.) पाच फुटांवरून, म्हणजे साधारण दीड मीटरवरून पडणारं मूल जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळपास साडेपाच मीटर असतो. ताशी वीस किलोमीटर म्हणा. मूल दहा किलोचं असो की तीस, वेग तोच. हा वेग शून्यावर आणायला जमीन किती अंतर देते यावर सगळा खेळ आहे. सरासरी धक्का काढायचं सूत्र सोपं आहे : पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. जमीन दहा सेंटिमीटर दबली तर धक्का गुरुत्वाकर्षणाच्या पंधरा पट. एकच सेंटिमीटर दबली तर दीडशे पट. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट मुळीच दबत नाही, मग जे काही दबायचं ते मुलाच्याच अंगाला दबावं लागतं. आणि ही झाली सरासरी, क्षणभराचा कमाल धक्का याहून जास्तच. खेळाच्या मैदानांच्या अमेरिकन आणि युरोपीय मानकांत डोक्याला बसणाऱ्या धक्क्याची मर्यादा गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पट धरलेली आहे. फरशीवर ती केव्हाच ओलांडली जाते.

यावर "आम्ही आंब्यावर, चिंचेवर चढून मोठे झालो, आम्हाला काय झालं?" हे उत्तर मला आमच्या पारावर किमान चार जणांनी दिलं. एक तर ज्यांना काही झालं नाही तेच हे सांगायला पारावर बसलेले असतात. आणि दुसरं, प्रत्येक गावात कोपरात वाकडा हात असलेला एखादा काका असतोच, त्याला विचारा कसा वाकडा झाला. हाडवैद्याने बांधला होता हे तो सांगेल, आणि कशावरून पडला हेही. शिवाय चिंचेखाली भुसभुशीत माती होती, पाचोळा होता, मध्ये फांद्या होत्या. चिंचेखाली शहाबादी फरशी कुणी घातली नव्हती.

खरं सांगायचं तर या बाबतीत जगाला शिकवावं असं ज्ञान कोल्हापूरकडे आहे, आणि आपण ते विसरलोय याचंच मला जास्त वाईट वाटतं. पडण्यासाठी जमीन तयार करणं ही कोल्हापूरची जुनी विद्या आहे. तालमीतला हौद काय आहे दुसरं? तांबडी माती चाळून घ्यायची, त्यात ताक, तेल, लिंबू, हळद, काव मिसळायची, ती मुरवायची आणि रोज फावड्याने उकरून भुसभुशीत ठेवायची. शंभर किलोचा गडी ढाक लागून पाठीवर आपटतो आणि उठून पुन्हा हात मिळवतो, तो त्या उकरलेल्या मातीच्या जोरावर. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले तेव्हा त्यांनी रोममधलं कलोसियम पाहिलं आणि पुढे १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. त्या मैदानात हजारो माणसं बसतात ती दगडमातीच्या उतारावर, पण सगळ्यांच्या नजरा असतात त्या मधल्या मऊ मातीच्या हौदावर. बसायला काहीही चालेल, पडायला नाही.

मल्लखांबाचंही तेच. लाकडावर चढण्याचा जगातला सगळ्यात अवघड प्रकार आपल्याकडचा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी तो नव्याने रुजवला असं मानतात. सागाचा किंवा शिसवीचा खांब, त्याला एरंडेल चोळायचं आणि चढायचं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथं जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं केली होती, त्यात मल्लखांबही होता. पण मल्लखांब कुठल्याही आखाड्यात बघा, खांब माती उकरलेल्या जागेत रोवलेला असतो, नाहीतर त्याच्याभोवती गाद्या असतात. कुठल्याही वस्तादाने तो डांबरी रस्त्यावर रोवला नाही. मग त्याच वस्तादाचा नातू आज पोराची फ्रेम फरशीवर ठेवतो, हे काय गौडबंगाल आहे?

बरं, थर कसला घालायचा? आधी काय चालत नाही ते सांगतो. नुसती माती चालत नाही. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी आणि एप्रिलमध्ये विटेसारखी, भेगासुद्धा पडतात. आणि मुलांना सुट्टी नेमकी एप्रिल-मेमध्ये. लॉनही चालत नाही, कारण मुलं जिथं उतरतात तिथलं गवत महिन्याभरात जातं आणि खाली टणक टक्कल उरतं. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाची एक पुस्तिका आहे, खेळाच्या मैदानांसाठी. तीही माती आणि गवत फ्रेमखाली सरळ नाकारते. तिच्या हिशेबाने दबून नऊ इंच उरेल एवढा वाळूचा थर असेल तर पडायची उंची चार फुटांपर्यंत चालते. तेवढ्याच जाडीच्या लाकडाच्या चिपा असतील तर दहा फुटांपर्यंत. दबून नऊ इंच उरायला सुरुवातीला बारा इंच भरावं लागतं.

उलटा क्रम म्हणतो तो हा. तुम्हाला वाळूच मिळणार असेल तर तुमची फ्रेम चार फुटांची, विषय संपला. पाच फुटी माचा आवडला असेल तर आधी सॉ मिलवर जाऊन चिपांचं बघा. (भुसा नव्हे, चिपा. भुसा पहिल्या पावसात कुजून त्याचा लगदा होतो.)

बिद्रीत राहणाऱ्या माणसाला इथं बगॅस सुचणारच. मलाही सुचलं. कारखान्यावर डोंगर दिसतात, मऊ असतं, हलकं असतं. पण नको. पाणी धरतं, आंबतं, बुरशी धरतं, आणि बुरशी आलेल्या बगॅसच्या धुळीने फुप्फुसाचा एक आजार होतो, त्याचं नावच मुळी बगॅसोसिस आहे. ते बॉयलरमध्येच जाळलेलं बरं. पाचटाचं पण तसंच, शिवाय त्यात विंचू-किरडू दडायला जागा.

किती लागेल? समजा फ्रेमचा पाया दोन मीटर बाय दीड मीटर आहे. मूल सरळ खाली पडत नाही, उडी मारतं, झोका घेऊन सुटतं, म्हणून चारही बाजूंना सहा-सहा फूट मोकळी जागा आणि तिथंही थर. म्हणजे साडेपाच मीटर बाय पाच मीटरच्या आसपास झालं. एक फूट खोल धरा. हिशेब येतो तीन ब्रास. इथं बऱ्याच जणांचे चेहरे पडतात. "तीन ब्रास वाळू? पोरांच्या खेळण्याला?" घराच्या वरच्या मजल्याला किती ब्रास गेली हे कुणी विचारत नाही. असो. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, महाग आहे आणि ते एका अर्थी बरंच आहे, नद्यांची चाळण झालीय. क्रश सॅण्ड स्वस्त असते पण त्यातली भुकटी पावसात बसते आणि थर घट्ट होतो, तो बांधकामाला चांगला, पडायला नाही. म्हणून मी चिपांच्या बाजूचा. वर्षाला थोडी भर टाकावी लागते, खाली खडीचा पातळ थर आणि पाणी जायला चर द्यावा लागतो, एवढंच.

आता लाकूड. ऑनलाइन येते ती फ्रेम बहुतेक पाइनची असते. थंड देशातल्या अंगणाला ती ठीक आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर जी झड लागते तिच्यात आणि नंतरच्या वाळवीत पाइन किती टिकेल याबद्दल मला शंका आहे. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला औषध पाजलेलं असतं, ते कसलं हेही विचारून घ्यावं. अमेरिकेत वर्षानुवर्षं आर्सेनिक असलेलं औषध वापरलं जायचं, घरगुती वापरातून ते २००३ अखेर बंद झालं.

आमच्याकडे त्याहून चांगला माल फुकटाच्या भावात पडलाय. गावोगावी जुनी कौलारू घरं पाडून स्लॅबची होतायत. त्या घरांचे वासे, तुळया, खांब, पन्नास-साठ वर्षं मुरलेलं सागाचं आणि जांभळाचं लाकूड, चुलीत जातंय. ते घ्या. फक्त आधी सगळे खिळे उपटा, जुना रंग असेल तर तो रंध्याने पूर्ण उतरवा (जुन्या रंगात शिसं असायचं, आणि लहान मुलं कठडा चावून बघतात) आणि कडेचं पांढरं लाकूड काढून गाभ्याचंच वापरा. आमच्या सुतारमामांनी एका पाडलेल्या सोप्याच्या लाकडातून मला चार खांब काढून दिले, ते बघून मी पाइनचा विचारच सोडला.

खोक्यातल्या फ्रेमचं मॅन्युअल मी एका मित्राकडे वाचलंय. सदतीस पानं. कुठला बोल्ट कुठल्या भोकात याची चित्रं अप्रतिम, आमच्या ऑफिसातल्या डॉक्युमेंटेशनपेक्षा शंभरपट बरी. जमिनीबद्दल शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दोन ओळी. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय मार्क सक्तीचा झाला ही चांगली गोष्ट आहे. पण मार्क फ्रेमवर असतो, तुमच्या अंगणावर नसतो.

सुतारमामांकडे मात्र एक गोष्ट नाही, ती आपण न्यावी लागते, ती म्हणजे मापं. कठड्याच्या पट्ट्या किती अंतरावर मारू विचारलं की कुठलाही सुतार हाताच्या सवयीने चार-पाच इंच म्हणणार. नेमकं तेच धोक्याचं अंतर आहे. साडेतीन इंचांपेक्षा जास्त आणि नऊ इंचांपेक्षा कमी अशी फट ठेवायची नाही. कारण लहान मूल पाय आधी घालतं, धड निघून जातं आणि डोकं अडकतं. पाय खाली टेकत नसतील तर पुढचं सांगायला नको. म्हणून एक तर फट इतकी लहान की धडच जाणार नाही, किंवा इतकी मोठी की डोकंही सहज जाईल. यासाठी मी प्लायवुडचे दोन तुकडे कापून घेतले : एक साडेतीन बाय सहा इंचांचा, म्हणजे धड. दुसरा नऊ इंची गोल, म्हणजे डोकं. पहिला ज्या फटीत जातो तिच्यात दुसराही गेलाच पाहिजे, नाहीतर फेल. आम्ही याला युनिट टेस्ट म्हणतो. सुतारमामा आधी हसले, मग त्यांनी स्वतःच सगळ्या फटी तपासल्या आणि वरच्या माच्याची एक पट्टी काढून पुन्हा मारली. "पोरं पडनारच की ओ, पर अडकायला नगंत," म्हणाले. दोन्ही मानकं एका वाक्यात.

बाकी जोडणीचं थोडक्यात. चारही खांब उभे होईपर्यंत एकही बोल्ट पूर्ण आवळू नका, सैल ठेवा, दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की मग पाना फिरवा. काटकोनासाठी गवंड्याचा तीन-चार-पाचचा दोरा पुरतो. बोल्ट गॅल्व्हनाइज्ड, आणि नटाबाहेर दोनपेक्षा जास्त आटे दिसले तर कापून घासून टाका, कपडे आणि चामडी दोन्ही त्यातच अडकतात. काळ्या मातीत खांब रोवताना खड्डा खोल घ्या कारण ती माती फुगते-आकसते आणि खांब हलवते. पायाच्या काँक्रीटचं डोकं मात्र मऊ थराच्या चांगलं खाली राहू द्या, नाहीतर चिपांमध्ये दडलेला धोंडा तयार होतो. महिन्याने एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा सगळे बोल्ट पुन्हा आवळा. आणि चढताना गळ्यात ओढणी, शाळेचं आयकार्ड, काळा दोरा, ताईत काहीही नको. ताईताच्या मुद्द्यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली, शेवटी आजीने तो दंडावर बांधायची परवानगी दिली :)

घरच्या अंगणाचं आपण बघू. माझी खरी काळजी शाळांची आणि बागांची आहे. तिथं खेळणी सरकारी निधीतून येतात, उद्घाटनाचा फोटो निघतो, आणि 'सुशोभीकरण' म्हणून खाली पेव्हर ब्लॉक बसवले जातात. गावोगाव हेच बघतो. अंदाजपत्रकात घसरगुंडी एक नग, झोपाळा दोन नग, ब्लॉक इतके चौरस मीटर. यात बदल करायला वेगळे पैसेसुद्धा लागत नाहीत. ब्लॉकची ओळ खोडून त्या जागी 'लाकडी चिपा, एक फूट जाडी' लिहायचं. ग्रामसभेत हे मांडायला इंजिनियर असायची गरज नाही. "तालमीतल्या हौदात ब्लॉक बसवाल काय?" एवढं विचारलं तरी आमच्या भागात प्रत्येकाला कळतं.

एक शंका उरते, देखभालीची. चिपा पायांनी बाजूला सरकतात, शिडीच्या खाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी खड्डा पडतो, म्हणजे नेमकी जिथं हवी तिथंच जाडी कमी होते. आठवड्यातून एकदा ओढून सारखं करावं लागतं. हे काम कोण करणार, असं शाळेतले एक गुरुजी मला म्हणाले. तालमीत हौद कोण उकरतं? खेळणारेच. आमच्याकडे हे काम पुतण्याकडे आहे. सात वर्षांचा आहे, दर रविवारी सकाळी दहा मिनिटं लागतात. सुतारमामांनी त्याच्यासाठी एका जुन्या दाताळ्याचा दांडा त्याच्या उंचीला कापून दिलाय, आणि खांबावर नऊ इंचांची खूण केलीय. खूण उघडी पडलेली दिसली की तो आधी चिपा ओढतो, मग चढतो.